जुन्या गाडीचे ब्रेक: पैसे आधी कुठे घालावेत

ताशी ८० किलोमीटरने चाललेली छोटी गाडी घ्या. आत चार माणसं, सगळं मिळून वजन ११०० किलोच्या आसपास. ही गाडी एकदा पूर्ण थांबवली की ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला येतं. ब्रेकचं सगळं काम या एका गोष्टीत आहे. गाडीची गती घ्यायची, तिची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची.

आता पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरायचं धरा. उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. तीच गाडी एवढ्या उंचीवरून खाली आणायची म्हणजे ती ८० च्या वेगावरून वीसहून जास्त वेळा थांबवण्याइतकी उष्णता. यातली थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला कुणी गाडी न्यूट्रलला टाकली, तर इंजिनाचा वाटा संपला. मग उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी.

हे मला घाटातच कळलं. माझी २०१२ ची वॅगन आर मी सेकंड हँड घेतली तेव्हा मीटरवर ७१ हजार किलोमीटर होते. विकणाऱ्याने 'सर्व्हिस झालेली आहे, फक्त पेट्रोल टाका' असं सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, महाबळेश्वरहून परत येताना पसरणीच्या खालच्या वळणांवर आधी वास आला, जळक्या गोणपाटासारखा. मग पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते आणखी खाली गेलं, आणि त्याच्या पुढच्या वळणाला मला दोन-तीन वेळा पंप करावं लागलं. शेजारी वडील, मागे दोन मुलं. गाडी दुसऱ्यावर आणली, मग पहिल्यावर, हँडब्रेक हळूहळू ओढत कठड्याच्या कडेला लावली. अर्धा तास थांबलो. थंड झाल्यावर पेडल पुन्हा होतं तसं कडक! जणू काही झालंच नव्हतं.

वाईत एका पत्र्याच्या शेडमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गाडी लावली. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हटलं. माझ्या डोक्यात नवीन डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती), भारीतले पॅड (तिला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे), जमल्यास मागेही डिस्क असा मोठा बेत शिजत होता. मामांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण काढलं आणि पांढऱ्या चिंधीचं टोक आत बुडवून माझ्यासमोर धरलं. कोऱ्या चहाचा रंग.

"दादा, हे बदललं कधी?"

"माहीत नाही मामा. घेतल्यापासून तरी नाही."

"मग डिस्कचं काय विचारता? पॅड अजून निम्मे आहेत. तेल मेलंय."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो. ब्रेक 'अपग्रेड' करण्याआधी ते कंपनीने दिले होते त्या अवस्थेला आणा. आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीत एवढं केलं तरी ब्रेकमधला फरक पहिल्याच सिग्नलला पायाला कळतो, आणि खर्चही आटोक्यात राहतो. त्यापुढचं बहुतेक सगळं घरच्या गाडीला लागत नाही.

पेडल दाबल्यावर आत काय होतं

इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, सुई काढून टाका. ती पाण्याने पूर्ण भरा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या दाबून बघा. हलत नाही. आता आत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या आत जातो, बोटावर मात्र जोर कमी लागतो. ब्रेकची सगळी गोष्ट या सिरिंजमध्ये आहे. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा दाबली जाते, म्हणून नळीत हवा किंवा वाफ शिरली की तुमचा जोर तिथेच मुरतो.

पेडल हा एक लांब दांडा आहे, म्हणून पायाचा जोर तिथेच तीन-चार पटींनी वाढतो. त्यापुढे बूस्टर, म्हणजे बॉनेटखालचा तो मोठा गोल काळा डबा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा तयार होणारा निर्वात तो वापरतो (डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो) आणि जोर आणखी वाढवतो. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता निर्वात उरतो. मग पेडल दगडासारखं होतं. उतारावर चावी बंद करणं किती जिवावरचं आहे ते यावरून समजा.

बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर, तो या जोराने नळ्यांतलं तेल दाबतो. त्यावरच तेलाची बाटली बसवलेली असते. तिथून तेल लोखंडी नळ्यांतून आणि चाकाजवळ रबरी होजमधून पुढे जातं. पुढच्या चाकांना कॅलिपर असतो. त्यातला पिस्टन दोन पॅडच्या चिमट्यात डिस्क धरतो. मागे बहुतेक छोट्या गाड्यांना ड्रम असतो. त्यात व्हील सिलिंडर दोन शू बाहेर ढकलतो आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात.

नळ्या दोन स्वतंत्र गटांत विभागलेल्या असतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत बहुधा तिरक्या: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका गटात, उरलेली दोन दुसऱ्यात. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. पेडल मात्र खूप खाली जातं आणि गाडी थांबायला पुष्कळ जास्त रस्ता लागतो.

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली दबतं आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. त्यामुळे थांबवण्याचं साठ ते सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात. म्हणूनच पुढचे पॅड लवकर संपतात आणि मागचे शू वर्षानुवर्षं कुणी उघडूनही बघत नाही. जुन्या गाडीत बहुतेक वेळा गडबड त्याच न उघडलेल्या ड्रममध्ये सापडते.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातो

या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखता आल्या तर पैसे चुकीच्या ठिकाणी जात नाहीत.

पहिली माझ्यासारखी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. झाकणातून घेतंच, रबरी होजमधूनही हळूहळू घेतं. ब्रेक ऑइलच्या प्रती 'डॉट' आकड्याने ओळखतात. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती किमान अट १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात पॅड-डिस्क तापतात, उष्णता पिस्टनमधून तेलात जाते, तेल उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. सिरिंजमधली हवा आठवा. पेडल मऊ पडतं, खाली जातं. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत येतं. त्यामुळे माणसाला वाटतं की आता ठीक झालं. ठीक काहीच झालेलं नसतं, पुढच्या घाटात तेच होणार.

दुसऱ्या तऱ्हेत पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही. पॅड इतका तापतो की त्याची पकड सुटते. हे पॅडचं दुखणं. पॅड हलक्या प्रतीचे असतील, फार झिजलेले असतील किंवा डिस्क पातळ झालेली असेल तर हे लवकर होतं. पातळ डिस्कमध्ये लोखंड कमी, म्हणून ती लवकर तापते.

दोन्हींवर घाटातला इलाज एकच: ज्या गिअरवर घाट चढलात त्याच्या आसपासच्या गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून सतत घासत राहू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग कमी करा आणि सोडून द्या, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

गाडी घेण्याआधी, किंवा घेतल्यावर पहिल्या रविवारी

यातल्या बहुतेक गोष्टींना पाना लागत नाही.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर बूस्टर, त्याची निर्वाताची नळी किंवा वॉल्व्ह बघायला हवा. आता इंजिन चालू असतानाच पेडल मध्यम जोराने मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठेही तेल दिसत नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरमधल्या रबरी सील गेल्या आहेत. ही दुरुस्ती टाळण्यातली नाही. गाडी अजून घेतली नसेल तर किंमत कमी करायला हा पक्का मुद्दा आहे.

तेलाच्या बाटलीवर कमाल आणि किमान अशा खुणा असतात. पातळी किमानकडे गेली असेल तर नुसतं तेल ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची जागा तेल भरून काढतं आणि बाटलीतली पातळी उतरते. म्हणजे उतरलेली पातळी एक तर पॅड संपत आल्याचं सांगते, नाहीतर गळतीचं. नव्या तेलाचा रंग फिकट पिवळसर असतो. तपकिरी किंवा काळं दिसलं तर वय झालं समजा. रंग चांगला दिसला तरी पाणी मुरलेलं असू शकतं, म्हणून कधी बदललं त्याची नोंद नसेल तर बदलूनच टाका.

मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ४० च्या वेगाने जा आणि स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला खेचत असेल तर एका बाजूचा ब्रेक कमी धरतोय किंवा दुसरा अडकलाय. पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही किंवा ती वाकडी फिरते आहे. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अगदी जोरात दाबल्यावर पेडलला जे धक्के जाणवतात ते मात्र नेहमीचेच, त्याला घाबरू नका.

पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ, न टेकता, तळहाताची मागची बाजू धरा. एक पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा खूपच गरम लागलं तर तिथला कॅलिपर अडकलाय. हे तपासायला एक रुपया लागत नाही, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग याच तपासणीचा झालाय.

आता वाकून बघायचं काम. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा ड्रमच्या खालच्या कडेला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय. गाडी मुंबई-रत्नागिरीकडची असेल तर लोखंडी नळ्यांचा गंज नक्की बघा. खाऱ्या हवेत या नळ्यांना फोड येतात. नळी ही सबंध व्यवस्थेतली सगळ्यात स्वस्त वस्तू, पण ती फुटली तर निम्मे ब्रेक गेले.

पैशांचा क्रम

इथे मी आकडे मोघम देतो, कारण ते गावागणिक आणि मॉडेलगणिक बदलतात.

सगळ्यात आधी तेल. अर्ध्या लिटरची बाटली साधारण दोनशे ते चारशे रुपयांत येते. पूर्ण बदलायला छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर लागतं. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, आणि घाट उतरणाऱ्याने ते जरूर घालावं. माझ्या मते एवढ्या कमी पैशांत दुसरं कुठलंच खरं अपग्रेड मिळत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून थोडं जरी पडलं तरी सगळ्या रबरी सील फुगतात आणि पूर्ण व्यवस्था खोलावी लागते. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. गॅरेजच्या फळीवरच्या अर्ध्या उघड्या बाटलीने पावसाळ्याचा ओलावा केव्हाच पिऊन घेतलेला असतो. तेल दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी कमी चालली असली तरी. पाणी मुरायला किलोमीटर लागत नाहीत.

'तेल बदललं' म्हणजे बाटलीतलं तेल पिचकारीने ओढून नवीन ओतलं, असं अनेक ठिकाणी करतात. तेवढ्याने भागत नाही. उकळतं ते कॅलिपरजवळचं तेल, आणि तेच जुनं राहतं. चारही चाकांच्या निप्पलमधून (तेल बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) स्वच्छ तेल येईपर्यंत जुनं काढायला हवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायची, तेल आलं की आवळायची, मग पेडल सोडायचं. निप्पलला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडली की काळं तेल जाऊन पिवळं कधी आलं आणि बुडबुडे कधी थांबले ते डोळ्यांना दिसतं. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. वरची बाटली मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. आणि हे तेल रंग खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

दुसरं काम कॅलिपरच्या पिनांचं. छोट्या गाड्यांत कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर पुढे-मागे सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांवरचं ग्रीस सुकलं किंवा रबरी बूट फाटून पाणी गेलं की कॅलिपर जागचा हलत नाही. मग एकटा आतला पॅड राबतो. माझ्याच गाडीत दोन वर्षांनी हे झालं. चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड पाच-सहा मिलिमीटर, आणि खोलल्यावर आतला पॅड झिजून जवळजवळ त्याच्या मागच्या लोखंडी पत्र्याला टेकलेला. तेव्हापासून बाहेरून बघून 'पॅड चांगले आहेत' असं कुणी म्हटलं तर मी चाक काढायला लावतो. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं चासी ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पीन आणखी घट्ट बसते. सामान जेमतेम शंभर रुपयांचं, बाकी मजुरी.

तिसरे पॅड. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. मसाला, म्हणजे पत्र्यावरचा घासणारा थर, तीन मिलिमीटरवर आला की बदलावा. पुष्कळ पॅडना लोखंडी पट्टी असते, ती डिस्कला लागून किंचाळते आणि संपल्याची सूचना देते. तो आवाज ऐकूनही महिनाभर ओढलं तर पत्रा डिस्क खरवडतो आणि हजार-दीड हजाराचं काम चार-पाच हजारांवर जातं. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे.

पॅड कोणते घ्यावेत? कंपनीचे, किंवा बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राणे, एएसके यांसारख्या ओळखीच्या नावांचे, तुमच्या मॉडेलच्या क्रमांकाचे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांची दुकानं रांगेने आहेत आणि तिथे भाव कमी मिळतो. पण खोक्यावरचं नाव बघून थांबू नका, पक्कं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार कां कूं करत असेल तर पुढच्या दुकानात जा. नकली आरसा बसवला तर आरसाच फुटेल. पॅडचा मसाला पत्र्यापासून सुटला तर गाडी थांबणार नाही. म्हणून वाचवायचे पैसे दुसरीकडे वाचवा. खोक्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त' असं लिहिलेलं बघून घ्या. जुना ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या दाबाने उडवू देऊ नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. ब्रेक क्लीनर मारून किंवा ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आधी ड्रम उघडणाऱ्या गॅरेजमधल्या पोराच्या छातीसाठी, मग आपल्या.

चौथे मागचे ड्रम. शूचे लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, एक मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे. व्हील सिलिंडर गळून लायनर तेलात भिजले असतील तर ते जाड असले तरी गेले. धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवतात, पण तेल आतपर्यंत मुरलेलं असतं आणि तापलं की वर येतं. स्प्रिंगांचं किट जुनं असेल तर तेही घ्या. एका वेळी एकच ड्रम खोलायचा, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे होती ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. हँडब्रेक फार वर यायला लागला की पुष्कळ जण केबल आवळून घेतात. आधी शू आणि ड्रममधलं अंतर अ‍ॅडजस्ट करायला हवं, केबल शेवटी. उलट केलं तर शू सतत घासत राहतात, तापतात, आणि अ‍ॅव्हरेज का पडलं याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

डिस्क सगळ्यात शेवटी. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा. डिस्क त्याच्याखाली गेली असेल, तडा असेल किंवा कडेला बोटाला लागणारा उंच काठ तयार झाला असेल तर बदला. लेथवर फिरवून सपाट करता येते, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे काम होतं. पण फिरवली की ती पातळ होते. फिरवल्यानंतर किमान आकड्याच्या अगदी जवळ येणार असेल तर तो खर्च वाया. छोट्या गाडीची जोडी फार महाग नसते, नवीच घ्या. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा केशरी गंज मात्र दुखणं नव्हे. पहिल्या चार ब्रेकमध्ये तो निघून जातो.

टायर विसरू नका

ब्रेक चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ८० वरून साधारण ३५ मीटरमध्ये थांबू शकते. पकड तीसेक टक्क्यांनी कमी झाली की तेच अंतर ५० मीटर होतं. यात तुम्हाला धोका कळायला लागणारा एक सेकंद धरलेला नाही, त्या सेकंदात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. तुमचे आत्ताचे ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जागेवर थांबवू शकत असतील, तर मोठ्या डिस्कने हे अंतर कमी होणार नाही. टायरने होईल.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ३५१७ म्हणजे २०१७ सालचा ३५ वा आठवडा. जुन्या गाडीला नक्षी चांगली दिसणारे पण आठ-नऊ वर्षं वयाचे टायर पुष्कळदा सापडतात, रबर दगडासारखं झालेलं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत कायदा चालवून घेतो. पण पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्याने तीनलाच बदलावेत, असं माझं मत.

एबीएसचंही इथेच सांगतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ते बहुधा नसतं, आणि नंतर बसवण्याचा खटाटोप परवडणारा नाही. अजून गाडी शोधत असाल तर पाच-दहा हजार जास्त देऊन एबीएसवाली घ्या. ते पैसे दुसऱ्या कुठल्याही ब्रेकच्या सामानापेक्षा जास्त कामाचे आहेत.

ज्यावर मी खर्च करणार नाही

मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवून देणारे भेटतात. दिसतं छान. पण पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला तोल कंपनीने हिशेबाने ठेवलेला असतो. मागचे ब्रेक जास्त धरायला लागले की ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते. मास्टर सिलिंडरचं माप, हँडब्रेकची जोडणी, सगळंच बदलावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्यावाले अशाच गोष्टींवर बोट ठेवतात. भोकं पाडलेल्या डिस्कचंही तेच, घरच्या गाडीला त्यांचा फायदा नाही. रेसिंगचे पॅड तापल्यावर धरतात, थंड असताना कमी धरतात. सकाळी शाळेच्या गल्लीत थंडच पॅड असतात.

काम करून घेताना

शक्य असेल तर गाडीपाशी उभे राहा. मेकॅनिकला राग येत नाही, चांगल्याला तर नाहीच. जुने पॅड परत मागा, आतला आणि बाहेरचा सारखा झिजलाय का ते बघा. कॅलिपर खोलल्यावर तो रबरी होजला लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. कॅलिपर मोकळा असताना कुणी पेडल दाबू नये, पिस्टन बाहेर पडेल. नव्या पॅडला किंवा डिस्कला ग्रीसचा हात लागला तर ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत विसरू नका. नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकललेला असतो. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पेडल पहिल्यांदा थेट तळाला जातं. जागेवरच सात-आठ वेळा पंप करून ते कडक झाल्याशिवाय गाडी इंचभरही हलवायची नाही. असंच गॅरेजमधून रिव्हर्स घेताना भिंतीला गेलेली गाडी मी पाहिली आहे. मागे माणूस नव्हता म्हणून बरं.

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं दहा-बारा वेळा, मधे थोडा वारा लागू देऊन. मग पाच मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून गाडी उभी ठेवली तर पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि थरथर सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. पुढचे आठ दिवस सकाळी गाडी काढण्याआधी तेलाच्या बाटलीची पातळी बघा, आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओल दिसते का ते वाकून बघा.